बिनखोडाचा वड

कोलकात्याला आलोच होतो, म्हणून आज हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला तो प्रसिद्ध वड पाहिला. वय अडीचशेच्या पुढे आणि मूळ खोडच नाही! १८६४ आणि १८६७ च्या वादळांत मार बसला, मग बुरशी लागली, शेवटी १९२५ मध्ये खोड काढूनच टाकलं. आता सगळा संसार पारंब्यांवर. काही खांबासारख्या जाड, काही सुतळीएवढ्या, अजून जमिनीच्या शोधात लोंबणाऱ्या. भोवती ३३० मीटरचा रस्ता केला होता, पठ्ठ्या तोही ओलांडून पुढे गेलाय. (डास मात्र भयंकर!)

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणे, "अरे, मग वटपौर्णिमेला सूत गुंडाळायचं कशाला?"