दात लवकर सरकवणारी शस्त्रक्रिया: हिशोब चार महिन्यांचा

मोठ्या वयात तारा लावल्या की दीड-दोन वर्षं जातात. शेजारची उपदाढ काढून सुळा मागे घ्यायचा असेल, तर तो साधारण महिन्याला एक मिलिमीटर सरकतो. जागा सहा-सात मिलिमीटरची, म्हणजे नुसत्या तेवढ्या कामाला अर्धं वर्ष. तारेचा जोर वाढवून हा वेग वाढत नाही. जास्त जोराने मुळाभोवतीचा रक्तपुरवठा दबतो, तिथल्या पेशी मरतात आणि तो मेलेला थर साफ होईपर्यंत दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही.

कॉर्टिकोटॉमी या शस्त्रक्रियेत दाताला हात लावत नाहीत, भोवतालच्या हाडाच्या कडक बाह्य थराला बारीक काप देतात. हाइनरिख क्योले यांनी १९५९ मध्ये ती मांडली तेव्हा समज असा होता की काप दिल्यावर हाडाचा तुकडाच दातासकट सरकतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी (एक ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात सरळ करणारे डॉक्टर, दुसरे हिरडीतज्ज्ञ) सीटी स्कॅनच्या आधारे वेगळं चित्र मांडलं: तुकडा सरकत नाही, जखमेभोवतीच्या हाडातलं खनिज काही काळ कमी होतं, हाड मऊ पडतं आणि नंतर पुन्हा भरतं. जखमेजवळच्या हाडाची ही धावपळ हॅरॉल्ड फ्रॉस्ट या अस्थितज्ज्ञाने १९८३ मध्ये वर्णन केली होती.

ही धावपळ पहिल्या एक-दोन महिन्यांत शिगेला पोचते आणि चारेक महिन्यांत ओसरते. सगळं नियोजन यावर बेतायचं, आणि नेमकं इथेच चुकतं. सुरुवातीच्या पातळ तारेवर वेडेवाकडे दात नुसते ओळीत येत असतानाच शस्त्रक्रिया उरकली, तर जागा बंद करायची जाड तार बसेपर्यंत हाड पुन्हा घट्ट झालेलं असतं. दाटी सोडवणं हेच मुख्य काम असेल तर काप सुरुवातीला; सुळा मागे घ्यायचा असेल तर स्टीलची जाड तार बसवून, स्प्रिंग लावायची तयारी झाल्यावर. मग पहिला जोर दोन आठवड्यांच्या आत, आणि पुढची भेट दर पंधरवड्याला. नेहमीसारखं महिना-दीड महिन्याने यायचं असेल तर ही शस्त्रक्रिया करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. काप फक्त जे दात हलवायचे त्यांच्याभोवती द्यायचे. आधाराच्या दाढांभोवतीही दिले, तर दाढाच पुढे येतात आणि जागा उलट्या बाजूने बंद होते.

प्रत्यक्ष कृती नुसत्या जागच्या भुलेवर होते. दातांच्या कडेने छेद घेऊन हिरडी हाडापासून उचलतात. दोन मुळांच्या मधोमध उभी खाच पाडायची, ती हाडाच्या वरच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबवायची. काठ कापला गेला तर दातांमधली हिरडी बसते आणि काळे त्रिकोण दिसू लागतात. मुळांच्या टोकांपलीकडून आडवी खाच या उभ्या खाचांना जोडते. खोली कडक थर संपेपर्यंतच: खाचेतून रक्त झिरपायला लागलं की हात थांबला पाहिजे. पाण्याची धार सतत हवी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने हाड जळतं. खालच्या उपदाढांजवळ ओठाची संवेदना नेणारी नस बाहेर पडते, तिथे घाई नको. समोरचं हाड पातळ असेल, विशेषतः खालच्या पुढच्या दातांचं, तर वर हाडाची भुकटी पसरून टाके घालतात. दात पुढे आणायचे असतील तर वेगापेक्षा या भुकटीचा उपयोग मोठा.

पिझोसिजन या दुसऱ्या, सौम्य प्रकारात हिरडी उचलत नाहीत. छोट्या उभ्या छेदातून कंपनाच्या पात्याने सुमारे तीन मिलिमीटर खोल काप देतात. सूज कमी येते, पण काम आंधळेपणाने होतं, म्हणून आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) हवाच; मुळं एकमेकांना चिकटली असतील तिथे काप देऊ नये.

वेग किती वाढतो? पहिल्या काही महिन्यांत सुळा नक्की जोरात सरकतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पूर्ण उपचार निम्म्यावर येतात हे मात्र तितकं पक्कं नाही. बऱ्याच चाचण्या मोजक्या रुग्णांवरच्या आहेत. नुसती बारीक भोकं पाडण्याच्या पद्धतीचे निकाल तर फारच डळमळीत आहेत.

हिरडीला पू किंवा सूज असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, सिगारेट, गुटखा किंवा मिश्री सुटत नसेल, तर थांबा. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असतील तर ही शस्त्रक्रिया नकोच. हाडाशी जखडलेला दात कितीही काप दिले तरी हलत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दुखलं की घरातली कॉम्बिफ्लाम घेतली जाते. तिच्यात आयब्युप्रोफेन असतं आणि ते दाह दाबतं. दात सरकायला तर तोच दाह हवा असतो. म्हणून नुसतं पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, गालावरून बर्फ थांबून-थांबून फिरवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसेल, ते अपेक्षितच आहे. टाके निघेपर्यंत मऊ भात, खिमट, ताक. भाकरी, चिवडा आणि शेंगदाणे नंतर.