बाप, नवरा आणि सासरा

इंदूरच्या मराठी घरात सिनेमा बघायचा म्हणजे पडद्यावरची नातीही लावत बसायची. आमच्या रामबागेतल्या मामींना तर समोरचा माणूस कोणाचा कोण हे कळल्याशिवाय पुढचं काही दिसतच नाही. त्यांचा सगळा हिशेब बिघडवला तो संजीव कुमारनं. १९७२च्या ‘कोशिश’मध्ये हा जया भादुरीचा नवरा, त्याच वर्षीच्या ‘परिचय’मध्ये तिचा बाप, आणि १९७५ साली ‘शोले’त सासरा! ‘‘लो, कर लो बात! याला काही धरबंध आहे की नाही?’’ मामी विचारतात. पहिले दोन्ही सिनेमे गुलजारचे, त्यामुळे थोडं पाप त्यांच्याही माथी.

‘त्रिशूल’मध्ये शशी कपूर याचा मुलगा. शशीचा जन्म मार्च १९३८चा, संजीव कुमारचा त्याच वर्षी जुलैतला. म्हणजे पोरगा बापाहून चार महिन्यांनी थोरला. हे सांगितल्यावर मामींनी हातातली शेवेची बशी खाली ठेवली.

पांढरे केस लावायचे म्हटलं की भल्याभल्या नायकांच्या पोटात गोळा येतो. सदतिशीत ठाकूर झालेल्या या गड्याला त्याचं काहीच नव्हतं. लोक मात्र कौतुक करतात ते ‘नया दिन नई रात’मधल्या नऊ भूमिकांचं. मला ते अंमळ जास्तच वाटतं. एवढे टोप आणि दाढ्या चढवल्यावर निम्मं श्रेय रंगभूषाकाराला द्यायला नको का? खरा कस लागला तो हातचं काढून घेतल्यावर. ‘कोशिश’मध्ये त्याला वाचा नाही, कान नाहीत, सगळा संसार बोटांनी आणि डोळ्यांनी बोलायचा. ‘शोले’त ती बोटंही गेली. खांद्यावर शाल, आणि संताप दाखवायला उरले फक्त डोळे आणि आवाज. राष्ट्रीय पुरस्कार ‘कोशिश’ला मिळाला, ते योग्यच झालं.

पण माझं मत विचाराल तर ‘अंगूर’. १९८२चा. तिथे यानंच साकारलेले दोन जुळे अशोक, आणि चेहऱ्यात तसूभर फरक नाही. एक गुप्तहेरकथा वाचून वाचून असा झालाय, की त्याला जो तो कुठल्यातरी टोळीचाच वाटतो. दुसरा बायकोच्या हाराच्या तगाद्यानं वैतागलेला, आणि स्वतःच्याच घराबाहेर अडकलेला. एकाच्या अंगात संशय, दुसऱ्याच्या अंगात चिडचिड. बस्स, एवढ्यावर दोन माणसं उभी. मामी मध्येच चहा टाकायला उठतात, परत येऊन एकदाच पडद्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘हा बिनलग्नाचा.’’ अजून चुकल्या नाहीत.

त्यातल्याच देवेन वर्माच्या दोन बहादुरांत, म्हणजे या अशोकांच्या जुळ्या नोकरांत, मात्र त्यांची हमखास गल्लत होते. त्यावरही त्यांचं उत्तर तयार: ‘‘त्याच्या भांगेच्या भज्यांकडे बघू की त्याच्याकडे?’’