त्याची शेवटची वर्षे ज्यांच्यापाशी आहेत

शनिवार, भाद्रपद वद्य चतुर्दशी
नागपूर

पितृपक्षातली आजची तिथी पंचांगाने वेगळी काढून ठेवलेली आहे. एरवी माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचे श्राद्ध होते. चतुर्दशीला मात्र शस्त्राने, अपघाताने किंवा अशाच अन्य अकाली मृत्यूने गेलेल्यांना पान वाढायचे, मग ते कोणत्याही तिथीला गेलेले असोत. दिनदर्शिकेच्या चौकोनात बारीक अक्षरांत ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. दादा जाईपर्यंत आमच्या घरात त्या अक्षरांकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. आता भिंतीवर नवी दिनदर्शिका लागली की आई आधी भाद्रपदातला तो चौकोन शोधते.

दादा गोळीने गेला नाही. हिमनदीवर एका चौकीहून दुसऱ्या चौकीकडे जाताना वरून बर्फ कोसळला आणि त्यात तो गेला. सियाचीनला १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले, तेव्हापासून तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हिमस्खलनाने, थंडीने आणि विरळ हवेने अधिक जवान नेले आहेत, हे आम्हाला नंतर समजले. पहिल्या वर्षी बाबांनी गुरुजींना विचारले होते की ही तिथी त्याला लागू पडते का. गुरुजींनी उलट विचारले, ‘शस्त्र त्याच्या खांद्यावर होते ना?’ बाबा ‘होते’ म्हणाले आणि तो प्रश्न पुन्हा कधी निघाला नाही.

आज सकाळी केळीची पाने आणायला बर्डीवर गेलो तेव्हा टेकडीवरच्या किल्ल्याकडे नजर गेली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचे जे शिपाई तिथे पडले, त्यांच्या घरच्यांनीही पुढच्या भाद्रपदात याच चतुर्दशीला पाने वाढली असतील. त्या शिपायांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्या घरांना ती ठाऊक होती, आणि किमान एकदोन पिढ्या तरी ती मोठ्याने उच्चारली गेली असतील. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

दादाची भरती झाली ती ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये, आणि या रेजिमेंटचे केंद्र आमच्या दाराशी, कामठीला आहे. प्रशिक्षणाच्या काळात आईला वाटायचे की मुलगा कुठे दूर गेलेलाच नाही. रविवारी आउटपास मिळाला की तो घरी यायचा, अंगणात बसून बूट चमकवायचा आणि आम्हाला गंगासागरची लढाई सांगायचा. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आगरतळ्याच्या पश्चिमेला गंगासागरच्या मोर्च्यावर याच रेजिमेंटच्या १४ गार्ड्स या पलटणीचे लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी जखमी अवस्थेत शत्रूच्या मशीनगनचे ठाणे कसे बंद पाडले, हे तो सांगू लागला की त्याचा आवाज बदलत असे. त्या युद्धात पूर्व आघाडीवर दिले गेलेले परमवीर चक्र ते एकच. कसम परेडच्या दिवशी आम्ही सगळे कामठीला गेलो होतो. त्या मैदानावर एका रांगेत पंजाबी, मल्याळी, उरांव, मराठी, बंगाली अशी मुले उभी होती, कारण १९४९ मध्ये जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने ही रेजिमेंट उभी राहिली तीच मुळी सर्व जातीप्रांतांच्या जवानांना एकत्र घेऊन. याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता. आज तो असा कळतो की माझ्या भावाला आठवणारी माणसे देशाच्या कुठल्याकुठल्या गावांत राहतात.

हे मी आज लिहायला बसलो आहे, कारण अशाच एका गावाहून सुभेदारसाहेब आले होते.

ते झारखंडमधल्या गुमला जिल्ह्याचे, म्हणजे एक्कांच्याच जिल्ह्याचे. दादा आणि ते एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे पलटणीतल्या सर्वांत लहान तुकडीत, होते. आता ते निवृत्त झाले आहेत, आणि राउरकेल्याहून हावडा-मुंबई मार्गावरची गाडी पकडून चतुर्दशीच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे पोहोचतात. स्वतः ख्रिस्ती असूनही दादाच्या पानासमोर ते हात जोडून उभे राहतात. तिकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, त्यांच्या गावच्या कब्रस्तानात घरच्यांच्या मेणबत्त्यांबरोबर एक मेणबत्ती दादाच्या नावाची लागते. आमच्या भावासाठी इतक्या दूर, आमची भाषा न बोलणाऱ्या घरात मेणबत्ती लागते हे प्रथम कळले, तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नव्हते.

पहिली काही वर्षे आमचे नातेवाईक त्यांना बोलू देत नसत. ते तोंड उघडायला लागले की कोणीतरी मावशी किंवा काका म्हणायचे, ‘राहू द्या साहेब, आईंना त्रास होतो.’ हेतू चांगलाच होता. पण माझे मत आता पक्के झाले आहे की गेलेल्या जवानाच्या घरी त्याच्याविषयी न बोलणे ही दया नव्हे. आम्हाला दादा ठाऊक होता तो विसाव्या वर्षापर्यंतचा, आणि त्यानंतर सुट्टीत येणारा. वहिनीचा तर सगळा संसारच सुट्ट्यांत झाला. तो येणार म्हणून घर सजायचे, आणि पाहुणे, देवदर्शन, लग्ने यांतच दिवस संपायचे. त्याची शेवटची वर्षे, ज्या वर्षांत तो खऱ्या अर्थाने मोठा झाला, ती आमच्यापाशी नाहीतच. ती त्याच्या पलटणीतल्या माणसांपाशी आहेत. त्यांना गप्प बसवणे म्हणजे त्याचा अर्धा भाग दाराबाहेर उभा करणे.

घरातला दादा आपला ओला टॉवेलही कधी दोरीवर टाकत नसे; त्यावरून आईची आणि त्याची रोज कटकट. सुभेदारसाहेबांनी सांगितलेला दादा रात्री झोपण्यापूर्वी सेक्शनमधल्या प्रत्येकाचे मोजे हाताने चाचपून बघत असे, कारण तिथल्या थंडीत मोजा ओला राहिला की पायाची बोटे जातात. कोणी कंटाळा केला तर तो स्वतःचा सुका जोड काढून द्यायचा. घरी फोन करायची पाळी आली की दोनदा त्याने ती एका केरळच्या जवानाला दिली होती, कारण त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. त्या दोन आठवड्यांत फोन आला नाही म्हणून आईने त्याच्यावर धरलेला राग मला आठवतो. हे कळल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे आले ते दुःख नव्हते. तिला मुलगा थोडा अधिक मिळाला होता.

आई त्यांना दरवर्षी तेच विचारते. ‘पोटभर जेवत होता नं तो?’ ‘हात फुटत होते का रे बाबू त्याचे?’ आणि सुभेदारसाहेब ‘माताजी’ म्हणून सुरुवात करून दरवर्षी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सगळे सांगतात. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचे, डब्यातले अन्न नकोसे व्हायचे, भूकच मरायची, तरी दादा सगळ्यांना जबरदस्तीने खायला लावायचा. आई ऐकते आणि पुढचा वडा त्यांच्या पानात टाकते.

एक गोष्ट त्यांनी बरीच वर्षे सांगितली नव्हती. हिमनदीवर चालताना जवान एकमेकांना दोराने बांधून घेतात, म्हणजे एखादा भेगेत पडला तर बाकीच्यांना ओढून काढता येते. त्या दिवशी पुढे चालण्याची पाळी सुभेदारसाहेबांची होती. आदल्या रात्री त्यांना ताप होता, म्हणून दादा पुढे गेला. हे त्यांनी सांगितले तेव्हा त्यांची मान खाली होती, आणि खोलीत आम्ही इतकी माणसे असूनही कोणाला काय बोलावे ते सुचेना. आई म्हणाली, ‘तू वाचला म्हणून तर आम्हाला हे समजलं नं बाबू. नाहीतर सांगणारं कोण होतं?’ त्यानंतर दरवर्षी येताना ते पत्नीलाही बरोबर आणू लागले.

सोबत्यांच्या दुःखाचा विचार आपण फार कमी करतो असे मला वाटते. तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव घरी येते, गाव लोटते, घाटावर मानवंदना होते, बिगूल वाजते. पार्थिव घरी आणण्याची ही रीतही तशी अलीकडचीच. कारगिलच्या युद्धापासून, १९९९ पासून, ती सर्रास झाली, त्यापूर्वीच्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच होत आणि घरी पोहोचे ती त्यांची पेटी. पण पार्थिवासोबत येतात ते मोजके जवान. ज्यांनी त्याला बर्फातून काढले ते तिथेच राहतात, आणि त्याच रात्री त्यांचा पहारा असतो. त्यांना तेरावा नाही, सुतक नाही, कोणाच्या खांद्यावर डोके ठेवायला सवड नाही. म्हणून ते पुढे कधीतरी सुट्टी काढून आपल्या दारात येतात तेव्हा केवळ आपले सांत्वन करायला आलेले नसतात.

सुभेदारसाहेबांनी यंदा एक्कांच्या जारी गावाविषयीही सांगितले. एक्कांचा अंत्यसंस्कार तिकडे आगरतळ्याजवळच झाला होता. त्यांच्या पत्नी बलमदिना यांची इच्छा होती की त्या जागेची माती तरी आपल्या गावी यावी, आणि ती यायला चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. मला त्यावरून ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहकडे निघालेले आणि रोहतांगच्या भागात नाहीसे झालेले हवाई दलाचे एएन-१२ विमान आठवले. त्यात १०२ जण होते. २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी, बर्फातून आणखी चौघांचे देह मिळाले. त्यांतला एक केरळातल्या घरी पोहोचला तेव्हा आईवडील उरले नव्हते, भावंडांनी त्याला निरोप दिला. इतकी वर्षे त्या घरांनी कोणती तिथी धरली असेल? आमच्याकडे निदान तिथी होती, आणि घाटावर नेता आले.

वीरपत्नींच्या मेळाव्याला वहिनी जाते तेव्हा तिच्याशेजारी बसणाऱ्या एक ताई आहेत. त्यांचे पती सेवेत असतानाच, पण शांत ठिकाणी, पहाटेच्या धावण्याच्या वेळी हृदय बंद पडून गेले. लष्कराच्या नोंदीत लढाईतला मृत्यू वेगळा आणि असा मृत्यू वेगळा, त्यानुसार कुटुंबाचे निवृत्तिवेतनही वेगळे. नियमांना तसे करावे लागत असेल. पण सत्काराच्या वेळी त्या ताई आपणहून मागच्या रांगेत जातात, ते मात्र मला पटत नाही. गणवेश घालूनच तो माणूस पहाटे घराबाहेर पडला होता. वहिनी आता त्यांचा हात धरून त्यांना पुढे घेऊन बसते.

माझी पुतणी वडील गेले तेव्हा नीट बोलूही लागली नव्हती. यंदा ती बारावीला आहे. आज जेवणे आटोपल्यावर तिने सुभेदारसाहेबांसमोर फोन ठेवला आणि विचारले की मी हे ध्वनिमुद्रित करू का. ते आधी संकोचले. मग त्यांनीच तिला सांगितले की नुसते माझे नको, सेक्शनमधल्या सगळ्यांचे घे, कारण मला जे दिसले नाही ते कोणी दुसऱ्याने पाहिले असेल. त्यांनी बसल्या बसल्या नावे सांगितली आणि तिने वहीत उतरवून घेतली: एक गुरदासपूरजवळ शेती करतो, एक अजून सेवेत आहे, एक कोलकात्यात सुरक्षारक्षक आहे, आणि ज्याला दादाने आपली फोनची पाळी दिली होती तो पालक्काडला असतो. त्याची मुलगी आता पुतणीच्याच वयाची आहे.

उद्या सर्वपित्री. सकाळी सुभेदारसाहेबांना कामठीला केंद्राच्या युद्धस्मारकापर्यंत घेऊन जायचे आहे, आणि संध्याकाळी त्यांची गाडी आहे. पालक्काडला दिवाळीच्या सुट्टीत जायचे आम्ही ठरवले आहे. आईचे गुडघे पाहता तिला एवढा प्रवास झेपेल का अशी मला शंका होती, पण तिने तिकिटे चार काढायची असे बजावले आहे: वहिनी, पुतणी, मी आणि ती.