वेताळाचे सुळे

कॉलनीच्या गणपतीत यंदा पोरांनी विक्रम-वेताळ बसवलं आणि वेताळ माझा भाचा, वय वर्षं चौदा. दातांसाठी सांगलीचा मारुती रोड पालथा घातला, मिळाली ती प्लॅस्टिकची अख्खी कवळी, तोंडात घातली की ओठ मिटत नाहीत आणि लाळ गळते, त्यात पोरगं डायलॉग म्हणणार कसं? मग ऑनलाइन दोन सुटे सुळे मागवले, आतून पोकळ, सोबत पुडीत बारीक पांढरे मणी.

सगळं काम त्या मण्यांचं आहे. थर्मोप्लास्टिक असतं ते, साधारण 60 डिग्रीच्या वर गरम पाण्यात टाकलं की काचेसारखं पारदर्शक आणि मऊ होतं, गार झालं की परत पांढरं आणि कडक. चमच्याने काढायचं, मनगटाला लावून चटका बसत नाही ना बघायचं, सुळ्याच्या पोकळीत भरायचं आणि आरशात बघत दातावर दाबायचं. मधल्या फटीपासून मोजत तिसरा दात तो सुळा, आम्ही पहिल्यांदा घाईत दुसऱ्यावर बसवला आणि वेताळाऐवजी ससा दिसायला लागला, परत गरम करून सगळं पहिल्यापासून. आणि हे महत्त्वाचं, पूर्ण कडक व्हायच्या आत एकदा हळूच काढून परत बसवायचा, नाहीतर प्लास्टिक दातांच्या फटीत अडकून बसतं.

शेजारचा एकजण म्हणाला क्विक गमचा एक थेंब लावा की. अजिबात नाही! दात आहे तो, चप्पल नाही. नीट साचा घेतला तर गम लागतच नाही, आमचा तर मान झटकली तरी हलला नाही. पण दात हलत असेल, कॅप किंवा तारा असतील तर हा उद्योगच करू नका.

मग रंग. विकतचा सुळा पांढराफटक, शेजारचे दात पिवळसर, लांबूनसुद्धा खोटं कळतं. सांगलीत हळदीला काय तोटा, म्हणून आधी हळदीच्या पाण्यात ठेवला तर पार लिंबू झाला. दुसऱ्या जोडीला कोरा कडक चहा गार करून त्यात ठेवलं, दर दहा मिनिटांनी काढून भाच्याच्या दाताशेजारी धरून बघायचं, तिसऱ्या वेळेला रंग जुळला.

टोक मात्र त्याच्या बोलण्यावर ठरवलं. 'फ' आणि 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो ना, तिथेच सुळा टोचायचा. "मावशी, फसवलंस म्हणताच येईना गं!" मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून थोडं थोडं घासलं, परत "विक्रमा, फसवलंस", परत घासलं, असं सात-आठ वेळा तरी, शेवटी वाक्य स्वच्छ आलं.

एवढं कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. अहो, 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच केलं, तेव्हाच्या त्या नाटकांत राक्षसपार्टी हे वेगळंच प्रकरण असायचं, लोक वाट बघायचे त्यांची. त्या गावात आपल्या पोराचा सुळा स्टेजवर गळून पडला तर मला नसतं चाललं.

पडला नाही. पहिल्या हसण्याला पुढच्या रांगेतली बारकी पोरं आईच्या मांडीत घुसली. उतरल्यावर प्रसादाआधी दात काढून धुवून डबीत ठेवले, ते घालून खायचं नाही आणि झोपायचं तर नाहीच.

आता धाकटा मागे लागलाय. त्याचे वरचे सुळे अजून अर्धेच आलेत, त्याला सांगितलंय, पूर्ण येऊ देत मग करू.