महाशीर निरीक्षणाची वही: डोहाकडून खळाळाकडे

मागच्या नोंदीत डोहातील मोठ्या महाशीर माशांची मोजणी दिली होती. त्या मोजणीवरचा माझा विश्वास का उणावला, ते या नोंदीत मांडतो. नदी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघणारी, भीमेच्या खोऱ्यातील लहानशी उपनदी आहे. तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण डोहाचा पत्ता जाहीर झाला की तो जाळी आणि सुरुंग घेऊन येणाऱ्यांनाही कळतो.

मासा दख्खनी महाशीर, म्हणजे टॉर खुद्री, ज्याचे वर्णन ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेच्या पाण्यातील माशांवरून केले. उन्हाळ्यात धार तुटली की मोठे मासे खोल डोहात एकवटतात आणि काठावर अर्धा तास न हलता बसल्यास सहज मोजता येतात. ही सोय हीच मोजणीची मोठी खोट आहे. महाशीर दीर्घायुषी असल्यामुळे नवी पिल्ले जगणे थांबले तरी डोह कित्येक वर्षे भरलेलाच दिसतो आणि आपण समाधानाने आकडा लिहून घरी परततो.

म्हणून या हंगामात मी डोह सोडून उथळ खळाळांकडे वळलो. बोटाएवढी पिल्ले गोट्यांच्या आडोशाला, वेगवान धारेच्या कडेला, गुडघ्यापेक्षा कमी पाण्यात दिसतात. तेथे पाणी थंड असते, त्यात प्राणवायू मुबलक असतो आणि दगडांवर शेवाळ व किड्यांच्या अळ्या मिळतात. दोन खळाळ निवडले. वरचा मुक्त वाहतो. खालचा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात येतो. पावसाळा ओसरताना दोन्हीकडे पिल्ले होती. ऑक्टोबरात बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, घालून पाणी अडवल्यावर खालचा खळाळ बुडाला, गोट्यांमधील फटींत गाळ बसला आणि त्यानंतरच्या एकाही फेरीत मला तेथे पिल्लू दिसले नाही, तर वरच्या खळाळात ती दिसत राहिली.

येथे घाई करू नये. फुगवट्याचे पाणी गढूळ असते, त्यामुळे ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही. पुढील फेरीपासून दोन्ही ठिकाणी पाण्याखालचा कॅमेरा तळाशी सारख्याच वेळेसाठी ठेवणार आहे आणि पाण्याची पारदर्शकता पांढऱ्या तबकडीने मोजणार आहे. मासे मात्र पकडणार नाही. खवले तपासून वय ठरवण्याचा मोह होतो, परंतु त्यावरील वलये वाचणे आपल्यासारख्या हौशी माणसाला वाटते तितके सोपे नाही.

एका स्नेह्यांनी सुचवले की मत्स्यबीज केंद्रातून पिल्ले आणून डोहात सोडावीत. मला ते पटत नाही. लोणावळ्यात कृत्रिम प्रजननाने वाढवलेली याच जातीची पिल्ले कावेरीत सोडली गेली. तेथील मूळचा कुबड असलेला महाशीर, ज्याची टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली, आज अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत या परक्या पाहुण्याचीही गणना होते. आपल्या नदीत हा मासा मूळचाच आहे, हे खरे. पण जेथे पिल्लांना राहायला खळाळच उरत नाही, तेथे आणखी पिल्ले सोडून काय साधणार?

आता मुख्य प्रश्न बंधाऱ्याच्या वेळापत्रकाचा आहे. पावसाळ्यात पूर चढू लागला की प्रौढ मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वर जातात. त्या वेळी बर्गे जागेवरच असतील तर त्यांची वाट अडते. त्यामुळे वहीत दोन नवे रकाने आखले आहेत: बर्गे काढल्याची तारीख आणि पहिला गढूळ लोंढा आल्याची तारीख. बर्गे काढणाऱ्या काकांनी निरोप देण्याचे कबूल केले आहे. लोंढ्याची खूण म्हणून पुलाच्या खांबावर रंगाची रेघ ओढून ठेवली आहे.