स्वस्त इअरबड्स घेताना : खोक्यावरचे आकडे आणि रोजचा वापर

एक ते अडीच हजार रुपयांत वायरलेस इअरबड्स कोणते घ्यावेत, असे कोणी विचारले की मी आधी उलट प्रश्न विचारते : तुम्ही त्यांवर ऐकणार जास्त की बोलणार जास्त? समोरच्याला ही टाळाटाळ वाटते, कारण तोवर त्याने दोन-तीन मॉडेलांच्या खोक्यांवरचे आकडे पाठ केलेले असतात आणि त्यांतला मोठा आकडा चांगला, एवढेच त्याला माझ्याकडून वदवून घ्यायचे असते. या किमतीत ऐकण्याची बाजू आता बऱ्यापैकी सुधारली आहे. बोलण्याची बाजू मात्र अजून लंगडीच आहे, आणि खोक्यावरचा एकही आकडा ते लंगडेपण सांगत नाही.

सर्वांत निरुपयोगी आकडा ड्रायव्हरच्या, म्हणजे बडमधल्या इवल्याशा स्पीकरच्या, आकाराचा. वनप्लस नॉर्ड बड्स २आर, रियलमी बड्स टी३००, रेडमी बड्स ५सी आणि नथिंगचे सीएमएफ बड्स या चारही जोड्यांत १२.४ मिलिमीटरचेच ड्रायव्हर आहेत, आणि बाजारात आले तेव्हा त्यांच्या किमती अनुक्रमे २,१९९, २,२९९, १,९९९ व २,४९९ रुपये होत्या. तरीही त्यांचा आवाज सारखा नाही, कारण पडदा कशाचा बनवला आहे, त्याच्या मागे हवेला किती जागा ठेवली आहे आणि कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये खालच्या-वरच्या स्वरांचा तोल कसा बांधला आहे, यांवर आवाज ठरतो. स्वस्त बड्समध्ये हा तोल बहुतेक वेळा बेसकडे झुकलेला असतो. नाचाच्या गाण्यात तो पहिल्या मिनिटात खूश करतो, पण तेच बड्स लावून ख्याल ऐकायला बसले तर तबल्याचा डग्गा सगळी जागा व्यापतो, आणि अभिवाचन किंवा पॉडकास्ट ऐकताना बोलणारा माणूस रांजणात तोंड घालून बोलत असल्यासारखा वाटतो. या चारही जोड्यांसाठी कंपन्यांची ॲप्स आहेत. त्यांतील इक्वलायझरमध्ये बेस थोडा उतरवला की निम्मी तक्रार मिटते. ज्या बड्सना ॲपच नाही, ते केवळ शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून मी घेणार नाही.

बेसबद्दल उलट तक्रारही येते, ती म्हणजे आवाज पोकळ येतो अशी. अशा वेळी दोष बहुधा बड्सचा नसून सिलिकॉनच्या टिप्सचा असतो. खोक्यात तीन मापांच्या टिप्स असतात, मधले माप कारखान्यातूनच बसवून येते आणि उरलेल्या दोन जोड्या प्लास्टिकच्या पिशवीसह खणात जाऊन पडतात. कानाची पोकळी नीट बंद झाली नाही तर खालचे स्वर बाहेर निसटतात. शिवाय अनेकांचे दोन्ही कान एकाच मापाचे नसतात, त्यामुळे डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला लहान टिप लावावी लागली तर त्यात काही वावगे नाही. बिनटिप्सचे, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे बड्स घरात आणि कचेरीत फार सुखाचे असतात, पण लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट त्यांतून सरळ आत येतो आणि तो झाकण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी आहे. रोज दीड-दोन तासांचा प्रवास मोठ्या आवाजात करणाऱ्याने ती डोळ्यांसमोर ठेवलेली बरी.

म्हणूनच प्रवासासाठी एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज विरुद्ध लहरींनी दाबण्याची सोय, हा प्रश्न येतो. ही सोय सलग आणि खालच्या पट्टीतल्या आवाजावर चालते : डब्यातले पंखे, बसचे इंजिन, वातानुकूलन यंत्राची घरघर. शेजारच्या बाकावरची गप्पांची मैफल किंवा स्टेशनातील उद्घोषणा तिने बंद होत नाहीत, आणि त्या बंद होऊही नयेत. टी३०० साठी ३०, रेडमी ५सी साठी ४० आणि सीएमएफ बड्ससाठी ४२ डेसिबल असे दावे आहेत. मात्र हे आकडे ज्या पट्टीत यंत्रणा सर्वांत चांगली चालते त्या पट्टीतले कमाल आकडे असतात, त्यामुळे ४० आणि ४२ मधल्या फरकासाठी पाचशे रुपये जास्त मोजण्यात अर्थ नाही. लोकलच्या दारातल्या वाऱ्यात स्वस्त एएनसीचे मायक्रोफोन वाराच पकडतात आणि कानात फडफड ऐकू येते. तेव्हा ती बंद केलेलीच बरी.

इथे विक्रेते एक गोंधळ हमखास घालतात. ईएनसी नावाची सोय तुमच्या कानांसाठी नसते; तुम्ही फोनवर बोलत असताना पलीकडच्या माणसाला तुमच्या भोवतालचा गोंगाट कमी ऐकू यावा, एवढेच तिचे काम. जाहिरातीत मात्र दोन्हींचे वर्णन ‘नॉइज कॅन्सलेशन’ असेच केलेले असते. ओप्पो एन्को बड्स २ आणि नॉर्ड बड्स २आर या जोड्यांत फक्त कॉलपुरती सोय आहे, एएनसी नाही; बोटच्या एअरडोप्स १४१ चेही तसेच, आणि १४१ एएनसी हे त्याच नावाचे निराळे मॉडेल आहे. ऑनलाइन मागवताना पूर्ण नाव वाचावे, ते याचसाठी.

आता बोलण्याकडे येते. बडचा मायक्रोफोन कानापाशी असतो आणि तोंड तिथून बरेच दूर, त्यामुळे रस्त्यावर त्याला तुमचा आवाज आणि रिक्षाचा हॉर्न जवळजवळ सारख्याच जोराने ऐकू येतात. ईएनसी मग हॉर्न कापायला जाते आणि त्याबरोबर शब्दांच्या सुरुवाती, विशेषतः स, श, फ यांसारखे हलके वर्ण कापले जातात. आपल्याला हे कधीच कळत नाही, कारण आपल्या कानात पलीकडचा आवाज स्वच्छ येत असतो. परत करण्याची मुदत संपण्याआधी गर्दीच्या चौकात उभे राहून घरी फोन करावा, घरच्यांना तो कॉल रेकॉर्ड करायला सांगावा आणि घरी येऊन ते रेकॉर्डिंग स्वतः ऐकावे. याहून खरी परीक्षा नाही. लांब दांडीचे बड्स मायक्रोफोन तोंडाकडे थोडा पुढे आणतात, म्हणून ते दिसायला कसेही असले तरी बोलण्यासाठी आखूड बड्सपेक्षा बहुधा बरे पडतात.

मीटिंगमध्ये आणखी एक अडचण येते आणि तिचा दोष बड्सवर विनाकारण जातो. मायक्रोफोन चालू होताच ब्लूटूथ गाण्यांची पद्धत सोडून टेलिफोनच्या पद्धतीवर जाते. त्यात आवाज एकसुरी आणि पातळ होतो, कारण जुन्या प्रकारच्या या जोडणीत दोन्ही दिशांचा आवाज तुटपुंज्या जागेत बसवावा लागतो. लॅपटॉपवर याचा त्रास सर्वाधिक होतो. त्यावर उपाय साधा आहे : मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स निवडावेत आणि मायक्रोफोन लॅपटॉपचा ठेवावा. ज्यांचे कामच दिवसभर फोनवर बोलण्याचे आहे, त्यांना मी सरळ सांगते की याच पैशांच्या तिसऱ्या हिश्शात वायरचा, माइक असलेला इअरफोन घ्या. गोंगाटात तो यांतल्या बहुतेकांना मागे टाकेल.

बॅटरीचे तास हा जाहिरातीचा लाडका आकडा. एअरडोप्स १४१ चे ४२ तास म्हणजे बड्स आणि चार्जिंगची डबी मिळूनचे तास. एका वेळी सलग मिळतात ते सुमारे सहा, तेही मध्यम आवाजात. एन्को बड्स २ चे एकूण २८ तास त्यामुळे अपुरे ठरत नाहीत, डबी आठवड्यात एकदा जास्त लावावी लागते इतकेच. खरा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा आहे. बडमधली बॅटरी वाटाण्याएवढी, रोज वापरली की लवकर थकणारी आणि बदलता न येणारी असते. वॉरंटी बहुतेकांची एका वर्षाची. म्हणून घेण्यापूर्वी आपल्या गावात सेवा केंद्र आहे का आणि एखादा बड हरवला किंवा बंद पडला तर एकटा विकत मिळतो का, हे विचारून घ्यावे. या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देणारी कंपनी मला दहा तास जास्त सांगणाऱ्या कंपनीपेक्षा जवळची वाटते.

पावसाळ्यापुरते एवढेच की आयपीएक्स४ म्हणजे उडणारे शिंतोडे सोसण्याची क्षमता. ५ म्हणजे पाण्याची साधी धारही चालते. हा दर्जा बड्सचा असतो, डबीचा असेलच असे नाही, तेव्हा ओले बड्स पुसल्याशिवाय डबीत ठेवू नयेत. बडवरच्या टचवर, म्हणजे बोट टेकवून हुकूम देण्याच्या जागेवर, पडलेला थेंब गाणे पुढे ढकलतो किंवा कॉल कापतो, त्याला इलाज नाही.

माझी निवड विचाराल तर रोज लोकल किंवा बसने जाणाऱ्याला टी३०० किंवा, सेलमध्ये दोन हजारांच्या आत मिळत असतील तर, सीएमएफ बड्स. घरात आणि कचेरीत ऐकणाऱ्याला एन्को बड्स २ सारखी साधी, एएनसी नसलेली जोडी पुरे. खोडलेली किंमत आणि तिच्यापुढची सत्तर टक्के सूट यांकडे पाहू नये, कारण खोडलेल्या किमतीला ती वस्तू सहसा कोणी विकतच नाही.

आणि खोके उघडल्यावर डबी चार्ज होत नाही असे दिसले तर लगेच परत पाठवू नका. काही स्वस्त डब्यांत टाइप-सीच्या खाचेमागे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या केबलवर त्यांना वीजच मिळत नाही. खोक्यातली आखूड केबल किंवा जुन्या चार्जरची चपट्या यूएसबीची केबल लावली की दिवा लागतो.