दर तिसरी कॉपी

पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या रात्री छापखान्याची दोन्हीकडून कोंडी होते. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत विसावेपर्यंत अंधार पडलेला असतो, म्हणून पहिल्या पानाचा फोटो उशिरा येतो. पेठांतले रस्ते बंद, म्हणून टेम्पो मात्र नेहमीपेक्षा लवकर सुटायला हवेत. मधे जो वेळ उरेल तो मशीनवाल्यांचा.

त्या रात्री अंक सोळाऐवजी वीस पानी होता, म्हणजे पाच वेब, रिळावरून सुटणाऱ्या कागदाच्या पट्ट्या, एकावर एक. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीच्या कॉपी थोड्या, त्या तासाला पंधरा हजारांच्या वेगातच उरकल्या. शहर आवृत्तीला वेग वाढवला आणि काटा वीस हजारांच्या पुढे गेल्याबरोबर फोल्डर, म्हणजे घडी घालणारा भाग, अडकला. मशीन थांबवलं, चुरगळलेला कागद ओढून काढला, पाचही वेब पुन्हा ओवले. पुन्हा सुरू केलं, वेग वाढवला, पुन्हा तेच. आणि ओवायचा प्रत्येक फेरा म्हणजे घाम काढणारं काम, तेही ज्येष्ठातल्या दमट हवेत, ४५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५ ग्रॅम भरणारा, पातळ न्यूजप्रिंट ओढ लागताच फाटत असताना.

छपाईचं कौतुक होतं ते रंगांचं. फोल्डरकडे बघायला कुणी येत नाही. मशीनला जोडलेलं घडी घालायचं खोकं, एवढीच त्याची किंमत. प्रत्यक्षात सगळ्या मशीनमधली सर्वांत नेमकी वेळ पाळायची ती त्याने. छापलेली कागदाची पट्टी आधी फॉर्मर नावाच्या त्रिकोणी पत्र्यावरून घसरते आणि टोकापाशी लांबीत दुमडते. निप रोलर ती आवळून खाली खेचतात. मग तीन सिलिंडरांचा खेळ. फोल्डिंग सिलिंडरवरच्या पिना कागदाच्या पुढच्या कडेत घुसून त्याला धरतात आणि त्यांच्या जरा पुढे कटिंग सिलिंडरचं दातेरी पातं रबरावर आपटून कागद तोडतं. आमच्याकडे दर ५४६ मिलिमीटरला. तुटलेला कागद पिनांवर टांगून अर्धा पुढे गेला, की सिलिंडरच्या पोटातून टकर ब्लेड बाहेर येतं आणि कागदाचा बरोबर मध्य समोरच्या जॉ सिलिंडरच्या जबड्यात ढकलतं. जबडा मिटतो, आडवी घडी पडते, कॉपी पंख्यात, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चाकात, आणि तिथून पट्ट्यावर. तासाला पंचवीस हजारांचा वेग धरला तर सेकंदाला जवळपास सात वेळा हे सगळं होतं.

यात एक क्षण फार नाजूक. टकर ढकलायला लागला की पिनांनी कागद सोडलाच पाहिजे. आधी सोडला तर कागद वाकडा होणार, उशिरा सोडला तर फाटणार.

शिफ्ट इनचार्जचा संशय जबड्यावर. पानं वाढली की जबड्याची फट वाढवावी लागते हे खरंच आहे; वीस पानी अंकाच्या आडव्या घडीत कागदाचे वीस थर चिमटीत येतात. त्यांनी फट थोडी वाढवली. काही फरक नाही. मग इंचिंगवर, म्हणजे बटण दाबू तेवढंच मशीन पुढे सरकवत, दोन-चार कॉपी काढल्या. एकदम सुरेख. "इंचिंगवर तर सगळं बरोबर दिसतंय," असं म्हणून ते पुन्हा फटीच्या मागे लागले.

मी मेंटेनन्सचा, माझा डोळा मशीन खोलण्याकडे. पण फोल्डरवर सगळं आयुष्य घालवलेले आमचे मामा मशीनच्या जवळही फिरकले नव्हते. पट्ट्यावर खवल्यांसारख्या एकावर एक सरकलेल्या कॉपी त्यांनी क्रम न मोडता उचलल्या, जमिनीवर ओळीने मांडल्या आणि उकिडवे बसून एकेक बघायला लागले.

"साहेब, इकडे या. चांगली, चांगली, खराब. चांगली, चांगली, खराब."

सगळं निदान इथेच होतं. आमचा फोल्डर २:३:३ चा. कटिंग सिलिंडरवर पाती दोन. पातं बिघडलं असतं तर दर दुसरी कॉपी खराब निघाली असती. फोल्डिंग आणि जॉ सिलिंडरचे भाग तीन-तीन. दर तिसरी खराब म्हणजे त्या दोघांपैकी एकाचा एकच भाग बिघडलाय. इनचार्जने फट सरसकट तिन्ही जबड्यांची वाढवली होती, आणि पानांमुळे दोष आला असता तर तिन्ही कॉपींत आला असता.

पण दोघांतला कोणता? दोन्हींचे भाग तीनच, ते दर फेऱ्याला त्याच जोडीने भेटतात, त्यामुळे मोजून आणखी काही कळणार नव्हतं. मामांनी खराब कॉपीची कड माझ्यापुढे धरली. वर्तमानपत्राच्या वरच्या नाही तर खालच्या कडेला बारीक भोकांची एक ओळ असते, तिथे पिनांनी कागद धरलेला असतो. चांगल्या कॉपीत ती भोकं गोल होती. खराब कॉपीत प्रत्येक भोकापासून कडेपर्यंत चीर गेली होती. जबडा मध्य खेचत होता आणि पिना अजून कड सोडत नव्हत्या. त्या चिरांतून सुटलेले तुकडे पंख्यात साचत आणि मग फोल्डर तुंबत असे.

तोपर्यंत मॅनेजरांचा फोन येऊन गेला होता: पंधरा हजारांवरच चालवा, थांबू नका. रात्री दोन वाजता हे ऐकायला बरं वाटतं. छापायच्या राहिल्या होत्या साठ हजार कॉपी. पंधरा हजारांनी चार तास. पंचवीस हजारांनी अडीच तासांच्या आत. दुरुस्तीला पाऊण तास गेला तरी जवळजवळ तासभर आपलाच. मी हिशोब सांगितला. फोनवर थोडा वेळ शांतता, मग "बघा बुवा, जबाबदारी तुमची". या वाक्याचा अर्थ परवानगी असाच घ्यायचा असतो.

सेफ बटण दाबलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही पॅनलवरून मशीन हलणार नाही. गार्ड उघडले. पिना ज्या शाफ्टवर बसवलेल्या असतात त्याला एका टोकाला छोटा रोलर असतो, तो एका स्थिर कॅमवरून, म्हणजे उंचसखल कडेच्या तबकडीवरून, फिरतो; कॅम तिघांना एकच, रोलर आणि स्प्रिंग प्रत्येकाची वेगळी. कॅम झिजला असता तर तिन्ही कॉपी फाटल्या असत्या. पहिल्या भागाच्या पिना पेचकसाने दाबून सोडल्या, टचकन जागेवर आल्या. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्या आल्या, पण आळसावून.

इंचिंगवर कॉपी सुरेख का निघत होत्या, त्याचं उत्तर हेच. सावकाश फिरताना आळशी शाफ्टलाही परतायला वेळ मिळतो. वेगात रोलर कॅमपासून सुटतो आणि पिना मागे पडतात.

शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश काढल्यावर आत कागदाची धूळ, शाईचा तुषार आणि जुनं ग्रीस यांचा घट्ट काळा थर निघाला. रॉकेलने धुतलं, शाफ्ट पॉलिश पेपरने साफ केला, स्प्रिंग बदलली. सुटी स्प्रिंग स्टोअरमध्ये होती हे त्या रात्रीचं नशीब; एरवी आमच्या स्टोअरमध्ये नको तेच सापडतं. मामांनी इनचार्जने वाढवलेली फट पुन्हा मूळ जागी आणली, कारण मोकळ्या जबड्यात घडी सैल पडते.

वेग वाढवताना सगळे काट्याकडे बघत होते आणि मामा पट्ट्याकडे. अठरा, बावीस, पंचवीस. ते अधूनमधून सलग तीन कॉपी उचलत, कड चाचपत आणि परत टाकत. शेवटचे टेम्पो अर्ध्या तासाच्या उशिराने सुटले. कात्रजकडचे विक्रेते कुरकुरले, पेठांतल्यांना रस्ते बंद असल्यामुळे काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन भागही खोलले. दोन्हीकडे तसाच थर, फक्त पातळ. तेव्हापासून पावसाळ्यात पिनांचे शाफ्ट महिन्याऐवजी दर आठवड्याला धुवायचे ठरवलंय. त्यासाठी मशीन बंद ठेवायला वितरण विभागाची अजूनही तयारी नसते, आणि दर सोमवारी आमचं त्यावरून वाजतं.